पेन्सिलीचे दोन ठिपके

महापौरसाहेबांनी बावीस वर्षांत अडचणीच्या एकाही फाइलवर सही केली नाही. कोपऱ्यात पेन्सिलीने ठिपका द्यायचे. एक ठिपका म्हणजे करा, दोन म्हणजे दाबून ठेवा. मी त्यांचा स्वीय सहायक. खाली शाईने रीतसर शेरा लिहायचो, माझी सही ठोकायचो आणि ठिपका खोडून टाकायचो. खोडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. साहेब पाठ थोपटायचे आणि मी फुगायचो. गाढव होतो, दुसरं काय.

साहेब गेले तेव्हा शहर दोन दिवस बंद होतं. नदीवर त्यांनीच बांधलेल्या पुलाला त्यांचं नाव दिलं गेलं आणि त्यांच्या खुर्चीत त्यांची मुलगी बसली. लहानपणापासून ती मला काका म्हणते.

परवा त्या पुलाचे जुने, आता निवृत्त झालेले इंजिनिअर माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"मधल्या खांबाच्या भेगेत आता माझा पंजा जातो," ते म्हणाले. "पूल आजच्या आज बंद करा. चार वर्षांपूर्वी लेखी कळवलं होतं मी. आता माझं कोण ऐकतंय?"

मला ते पत्र चांगलं आठवत होतं. त्यावर दोन ठिपके होते.

फाइल घेऊन मी आत गेलो. "ताई, पूल बंद करायला हवा. दुरुस्ती साहेबांनी थांबवली होती."

तिने सावकाश पानं उलटली. "कुठे काका? 'तूर्त दुरुस्तीची गरज नाही.' अक्षर तुमचं, सहीही तुमची."

मी कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. दिसणार काय, कपाळ! "साहेब पेन्सिलीने ठिपके द्यायचे," मी म्हटलं.

"कसले ठिपके?" तिने स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला. "बंद करू की पूल. पण का बंद केला ते लोकांना सांगावं लागेल, मग ही फाइल दाखवावी लागेल. तुमच्या निवृत्तीला आठच महिने राहिलेत ना? तुम्ही म्हणाल तसं करू."

आवाजात इतकी माया होती की मी कागद परत फाइलला लावला. मला भीती वाटली, साधी, स्वतःच्या कातडीची भीती.

"इंजिनिअर जरा घाबरटच आहेत," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली.

आज सकाळी सून कामावर निघाली होती. मी तिला दारातच थांबवलं. "पुलावरून जाऊ नकोस. लांबच्या रस्त्याने जा."

"अर्धा तास जास्त लागतो, बाबा. झालं काय?"

"काही नाही. पुलाचं काम निघालंय."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सून हुशार आहे. "शाळेची बस त्याच पुलावरून जाते," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावरची दोन्ही पोरं असतात त्यात. त्यांच्या आईला सांगते."

तिने फोन काढला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.