नादमणी आणि गालिचा

"आला! अहो, कागद उलटल्याचा आवाजसुद्धा आला!" केमिस्ट छातीवर हात ठेवून ओरडला.

खोलीत दाटीवाटीने बसलेल्या अठरा माणसांच्या तोंडून एकदम "वाऽऽ" निघालं. निवृत्त पोस्टमास्तरांनी गहिवरून चष्मा पुसला. कानांनी ऐकण्याचा चष्म्याशी काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक. समोर दोन उंच स्पीकर होते आणि दोघांच्याही डोक्यावर लिंबाएवढा एकेक काळा, गुळगुळीत दगड. दगडांना दगड म्हणायचं नाही, 'नादमणी' म्हणायचं, अशी सूचना दारातच मिळाली होती.

स्पीकरांच्या मधोमध गळाबंद कोटातले नादमहर्षी उभे होते. ही पदवी त्यांना कुणी दिली हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

"मंडळी, विजेलाही मन असतं," ते म्हणाले. "तारेतून धावून धावून ती दमते. दमलेली वीज स्पीकरमध्ये शिरली की चिडचिड करते. तोच तुमचा घोगरा आवाज! नादमणी तिला मांडीवर घेतो, थोपटतो, निजवतो."

"माझ्या दात कोरायच्या मशीनवर ठेवला तर चालेल?" दंतवैद्यांनी आशेने विचारलं. "पेशंट फार ओरडतात हो."

"त्याला मोठा मणी लागेल."

सगळ्यात मागे, दाराला टेकून, एक बाई हे ऐकत होती. ती पडदे शिवायची. बाजारात तिचं छोटं दुकान होतं आणि सगळे तिला पडदेवालीच म्हणत. हे घर तिच्या थोरल्या भावाचं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढण्यात त्याचा जन्म गेला. नाद म्हणावा तर एकच, उत्तम आवाजाचा. त्याची बायको, म्हणजे पडदेवालीची वहिनी, बावीस वर्षं रेडिओवर हवामान सांगत असे. "उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील," हे ती अशा काही मायेने सांगायची की ढगांनाही लाजल्यासारखं व्हावं. भावाने तिची पंचवीस-तीस बातमीपत्रं टेपवर उतरवून ठेवली होती.

वहिनी गेली आणि भावाला ती खोली बघवेना. महिन्याभरात त्याने गालिचा, जाड पडदे, मोठा सोफा आणि पुस्तकांची तीन कपाटं वाटून टाकली. उघड्या भिंतींत स्पीकर आणि भिंतीला लावलेल्या खुर्च्या, एवढंच उरलं. मग एके दिवशी धीर करून त्याने टेप लावली, तर वहिनीचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा आला. त्याने तारा बदलल्या, अँप्लिफायर बदलला. काही फरक पडला नाही.

"ती माझ्यापासून लांब चाललीय गं," तो बहिणीला म्हणाला होता. नेमक्या याच फटीतून नादमहर्षी घरात शिरले.

आज केमिस्ट ओरडण्याआधी त्यांनी तीच टेप 'अशुद्ध अवस्थेत' ऐकवली होती. आवाज घुमला, शब्दावर शब्द चढले. मग 'नादाला वाट मिळावी' म्हणून सगळ्यांच्या खुर्च्या मागच्या भिंतीपासून चांगल्या चार हात पुढे ओढून घेतल्या. स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर काढले. 'नादासन' म्हणून सोबत आणलेला बोटभर जाडीचा लोकरी गालिचा मध्ये अंथरला, मागच्या भिंतीवर आपल्याच दोन भरदार गोधड्या टांगल्या. शेवटी मंत्र पुटपुटत मणी ठेवले आणि टेप पुन्हा लावली. आवाज खरंच निवळला होता! पडदेवालीनेही तो ऐकला. तिच्या अंगावर काटा आला.

पण टेप लावताना महर्षींनी आवाजाचं बटणही चिमूटभर पुढे सरकवलं, हे तिने पाहिलं.

"ही तात्पुरती शुद्धी," महर्षी भावाला म्हणाले. "मूळ टेपा माझ्या नादकुंडात ठेवाव्या लागतील. पुढच्या रविवारी घेऊन जाईन."

"परत कधी मिळतील?"

"ते नादच ठरवेल."

लोक पांगल्यावर पडदेवालीने विषय काढला. "दादा, त्या टेपांच्या दुसऱ्या प्रती आहेत का रे?"

"नाहीत."

"मग कुणाच्याही हातात देऊ नकोस."

भाऊ भडकला. "आवाज सुधारला की नाही? तू स्वतः ऐकलास ना? की तिचा आवाज परत आलेला तुला बघवत नाही?"

तिला ते लागलं. तरी ती खालच्या आवाजात म्हणाली, "सुधारला. कोण नाही म्हणतंय? कशाने सुधारला, एवढंच विचारतेय. रिकाम्या घरात मापं घ्यायला जाते ना, तेव्हा माझाच आवाज माझ्या अंगावर येतो. पडदे लावले, गाद्या पडल्या की तेच घर हळू बोलायला लागतं. मी तर कुठेच मणी लावत नाही. दादा, तू आयुष्यभर नकाशे काढलेस. मोजल्याशिवाय एक रेघ तरी मारलीस का?"

भावाने टेपा डब्यात भरून झाकण लावलं. मग म्हणाला, "मोजू. पण तू हरलीस तर टेपा जाणार."

रविवारी पुन्हा तीच माणसं जमली. गालिचा, गोधड्या, खुर्च्या, सगळं महर्षींच्या मनासारखं मांडलेलं होतं. फक्त स्पीकरांसमोर पडदेवालीने विरविरीत कापडाचा एक पडदा बांधला होता. आवाज आरपार यावा, मणी दिसू नयेत.

"यातलं काहीही हलवायचं नाही," ती म्हणाली. "बटणालाही हात लावायचा नाही. दातांचे डॉक्टर पडद्यामागे बसतील. दर वेळी नाणं उडवतील. छापा पडला तर मणी ठेवतील, काटा पडला तर खिशात घालतील, आणि स्वतःजवळ लिहून ठेवतील. दादा तोच तुकडा दहा वेळा लावेल. आपण चिठ्ठीवर लिहायचं, मणी आहे की नाही."

"शंकेने मणी सुकतात!" महर्षी गरजले.

"तुमच्या मनात तर शंका नाही ना?" पडद्यामागून दंतवैद्यांचा आवाज आला. त्यांना मोठा मणी घ्यायचा होता, म्हणून ते मनापासून खात्री करून घेत होते. "मग तुम्हीही लिहा की!"

सगळे बघत होते. महर्षींना पेन्सिल घ्यावीच लागली.

तिसऱ्या खेपेला त्यांना राहवलं नाही. "ऐका! आता कशी वीज निजली! हाच तो मण्याचा स्पर्श!" केमिस्टनेही मान डोलावली.

दहा खेपा झाल्या. भावाने पट्टी घेऊन आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता आखला, चिठ्ठ्या पडताळल्या. केमिस्टचे चार बरोबर, पोस्टमास्तरांचे सहा, महर्षींचे पाच. नुसतं नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तरी साधारण एवढीच जुळली असती.

"आणि तिसऱ्या खेपेला," दंतवैद्य बाहेर येत हळूच म्हणाले, "मणी माझ्या कोटाच्या खिशात होते."

हशा पिकला. केमिस्ट मात्र गोंधळला. "पण मी ऐकलं होतं हो! पहिल्या दिवशी खरंच ऐकलं होतं!"

"खरंच ऐकलं होतंत," पडदेवाली म्हणाली. "कान फसले नाहीत तुमचे. कारण खोटं सांगितलं गेलं."

तिने मणी टेबलावर ठेवले, गालिचा गुंडाळून दाराबाहेर नेला, गोधड्या उतरवल्या आणि टाळी वाजवली. टण्ण! टाळी भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत राहिली. मग तिने गालिचा पुन्हा अंथरला, गोधड्या टांगल्या, टाळी वाजवली. थप्. तिथल्या तिथे संपली.

"उघड्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. एका शब्दाचा प्रतिध्वनी विरायच्या आत पुढचा शब्द त्यावर पडतो. जाड, मऊ कापड त्याला गिळतं. भिंतीला टेकून बसलं, स्पीकर कोपऱ्यात ठेवले, की खर्ज साचून घुमतो. आणि बटण जरासं वाढवलं की कुठलाही आवाज आपल्याला बरा वाटतो. मण्यांनी काय केलं? काहीच नाही. ते नुसते बसून होते."

"विज्ञानाला सगळंच कळत नाही!" महर्षी कोटाची बटणं लावत म्हणाले.

"नसेल. एवढं कळलं तेवढ्यावर आज भागतंय," भाऊ म्हणाला, आणि टेपांचा डबा त्याने मांडीवर घेतला.

महर्षी निघाले. मणी त्यांनी टेबलावरच सोडले. गालिचा मात्र गुंडाळून काखेत मारला आणि गोधड्यांच्या घड्या घातल्या. खरं काम कोण करत होतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी बहिणीने दुकानातून जाड कापडाचे तागे आणले. दोघांनी खिडक्या झाकल्या, खाली सतरंज्या अंथरल्या, खुर्ची पुढे घेतली. भावाने टेप लावली. उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील, असं वहिनी म्हणाली, अगदी जवळून. "किनाऱ्यालगत" म्हणण्याआधी तिने घेतलेला छोटा श्वास त्याला पहिल्यांदाच ऐकू आला. तो खाली मान घालून बसून राहिला. बहिणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

महिन्याभराने केमिस्ट पुन्हा दारात हजर. हातात निळी बाटली. "कानांना तेज आणणारं पाणी! एका फार मोठ्या माणसाकडून मिळालंय. घोटभर घ्या, फरक लगेच कळेल."

भावाने बाटली उजेडात धरून पाहिली आणि हसत परत दिली.

"घेतो की. पण असं करा, अगदी अशीच दुसरी बाटली आणा आणि तिच्यात नळाचं पाणी भरा. दोन्ही तिसऱ्याच माणसाच्या हाती पाठवा. कुठली कोणती, ते ना तुम्ही मला सांगायचं, ना त्याने. दहा वेळा पितो. तुम्हीही प्या. कुणीही चमत्कार घेऊन आलं की त्याला एवढंच म्हणायचं: बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा, ही एकच गोष्ट बदला, आणि मला न बघता ओळखू द्या. खऱ्याचं यात काहीच बिघडत नाही."

केमिस्टने पायरीवर बाटली उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "अशी निळी बाटली रिकामी कुठे मिळेल हो?"