गोंडवेबाईंचं प्रमेय

रशीदा होडेकरला राग लवकर यायचा. पण चढलेला राग पोटात ठेवून ईमेलला गोडगोड उत्तर लिहायची कला बहरीनमधल्या नोकरीनं तिला शिकवली होती. युनिव्हर्सिटीत गणित शिकवायचं, कॉन्ट्रॅक्ट दर दोन वर्षांनी नवं व्हायचं आणि व्हिसा त्या कॉन्ट्रॅक्टला बांधलेला. अशा माणसाला राग काटकसरीनंच वापरावा लागतो. त्या दिवशी मात्र तिची काटकसर संपली.

झालं असं, की जर्मनीच्या प्रोफेसर हेल्विगनी तिघांच्या शोधनिबंधाचा शेवटचा मसुदा पाठवला. रशीदानं पहिलं पान उघडलं. वर नावं दोनच: हेल्विग आणि होडेकर. तिसरं नाव गेलं कुठं? ती शोधत शोधत थेट शेवटच्या पानावर पोचली, तेव्हा तळाला बारीक अक्षरांत सापडलं. ‘उपयुक्त चर्चेबद्दल मालावीच्या तमांडा गोंडवे यांचे आभार.’

उपयुक्त चर्चा! एका विशिष्ट प्रकारचं जाळं कमीत कमी किती ठिकाणी कापलं म्हणजे त्याचे तुकडे पडतात, असा तो प्रश्न. हेल्विगनी त्याचा आराखडा मांडला होता, आणि मधल्या एका पायरीवर त्यांची गाडी कित्येक वर्षं रुतून बसली होती. रशीदानं लहान लहान जाळी तपासून दिली, पण ती पायरी तिलाही जमली नव्हती. मग एका ऑनलाइन बैठकीत तमांडा म्हणाली, “आपण आतून मोजतोय. बाहेरून मोजून बघू या का?” पुढच्या महिन्यात तिनं अख्खी सिद्धता लिहून पाठवली. आता त्या सिद्धतेचं नाव चर्चा.

बाहेरच्या माणसाला यातली मेख कळायची नाही, म्हणून सांगायला हवं. गणितात लेखकांची नावं आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमानं लागतात. कोण थोरला, कोण धाकटा, हा प्रश्नच नसतो. त्यामुळे कुणाला मागच्या रांगेत ढकलायची सोय नाही. ढकलायचं तर थेट दाराबाहेर. आणि वर्णक्रमानं गोंडवे पहिली लागली असती. जगभर लोक या निबंधाला ‘गोंडवे आणि इतर’ म्हणाले असते, आणि त्या इतरांत प्रोफेसर हेल्विग बसले असते. हे हेल्विग कधीच बोलून दाखवणार नव्हते, पण रशीदाला ते लख्ख दिसलं.

हेल्विगची संस्था आणि आफ्रिकेतल्या चार-पाच देशांतली विद्यापीठं यांची गणितात भागीदारी होती. भागीदारी म्हणायची इतकंच. पैसा जर्मनीचा, विषय जर्मनीचे, आणि सभा भरवायची बहरीनमध्ये, कारण निम्म्या भागीदारांना जर्मनीचा व्हिसाच मिळत नव्हता. तमांडाचा दोनदा नाकारला गेला. परत जाल याची खात्री वाटत नाही, हे कारण. जेवायला बोलवायचं आणि पाहुणा दारात आला की कडी लावून घ्यायची, त्यातलाच हा प्रकार. रशीदाच्या युनिव्हर्सिटीनं हॉल दिला, व्हिसे काढले, आणि डीनसाहेबांना झेंड्यांसमोर फोटो काढायची संधी मिळाली.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी रशीदा हेल्विगच्या हॉटेलवर जाऊन धडकली. माणूस बोलायला मऊ, कुणालाही आधी खुर्ची देणारा. वाईट नव्हता, आणि तेच जास्त डोक्यात जायचं.

“तमांडाचं नाव कुठं आहे?” तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

“आभारात आहे की. बस ना, रशीदा, कॉफी घेणार?” हेल्विग म्हणाले. “ही निव्वळ तांत्रिक बाब आहे. आपल्या प्रकल्पाचे दोन भाग आहेत, संशोधन आणि प्रशिक्षण. मालावी प्रशिक्षणात येतं. तिचं नाव घातलं, तर निबंध प्रशिक्षणाच्या खात्यात मोजला जाईल. मग पुढच्या मोठ्या अनुदानाला त्याचा उपयोग नाही.”

“पण सिद्धता तिची आहे.”

“आपल्या कार्यक्रमातूनच तयार झाली ना? प्रशिक्षणाचं याहून मोठं यश कोणतं?”

रशीदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तमांडा एका विद्यापीठाच्या गणित विभागाची प्रमुख होती, तिच्या हाताखाली शिकलेली मुलं स्वतः शिकवायला लागली होती. ती म्हणे प्रशिक्षणार्थी! आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा तिचा गुरू!

“मग माझंही नाव काढा,” ती म्हणाली.

“घाई करू नकोस. या निबंधावर तुझं प्रमोशन अवलंबून आहे, असं तुमचे डीन मला म्हणाले.” हेल्विगनी कॉफीचा घोट घेतला. “आणि तमांडाची काही तक्रार नाही. तिनं लेखी संमती दिली आहे. तिलाच विचार.”

तमांडा त्या संध्याकाळी उम्म अल हस्समला, रशीदाच्या फ्लॅटवर जेवायला येणार होती. रशीदाचा नवरा इक्बाल सित्राच्या एका कंपनीत स्टोअरकीपर. कंपनीच्या बसनं घरी आला आणि हातपाय धुऊन थेट साफी मासे तळायला उभा राहिला. तमांडाचं आडनाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, “गोंडवे? आपल्या खेडकडची काय गो?” तेव्हापासून या घरात तिचं नाव गोंडवेबाई पडलं होतं, आणि तिलाही ते आवडायचं.

पानं वाढून झाली, तमांडानं तांदळाच्या भाकरीचा पहिला तुकडा मोडला, आणि रशीदाला पुढं धीर निघाला नाही.

“तू संमती दिलीस?”

“दिली.”

“का?”

“दोन जागांसाठी.” तमांडा माशाचे काटे काढत होती, वर न बघता बोलली. “माझ्या दोन विद्यार्थिनी आहेत, माझ्याहून हुशार. त्यांना जर्मनीत पीएचडी, सगळ्या खर्चासकट, व्हिसाची हमी देऊन. उद्या सकाळी हेल्विगच्या संस्थेशी आमच्या विद्यापीठाच्या करारावर सही होईल. करारात दोघींची नावं आहेत.”

“म्हणजे तू तुझं प्रमेय विकलंस!”

इक्बालनं गॅस बंद केला. सोफ्यावर बसलेल्या लाईबानं, त्यांच्या बारावीतल्या मुलीनं, कानातले इअरफोन काढले.

तमांडानं ताट पुढं सरकवलं. “माझ्यापाशी विकायला दुसरं काय होतं, ते तू सांग. व्हिसा मला देत नाहीत, पैसा आमच्याकडं नाही. एक सिद्धता होती, ती घातली तराजूत. तुला राग येतो ते ठीक आहे, रशीदा. पण तुझं नाव त्या निबंधावर आहे. नाव असलेल्यांना राग परवडतो.”

रशीदाला ते झोंबलं. खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

“तुला राग येत नाही?” तिनं विचारलं.

“मला?” तमांडाचा आवाज एकदम चढला. “मी रोज सकाळी उठते ती रागातच. ते मला विचारतात, तुमच्या वर्गांत फळे आहेत का. ते मला विचारतात, तुमच्या मुलींना घरून परवानगी मिळते का. आणि माझी सिद्धता माझ्याच पत्त्यावर परत पाठवतात, नीट वाचा, यातून शिकायला मिळेल म्हणून! मला राग येत नाही म्हणतेस?”

मग तिनं ताट परत ओढून घेतलं आणि बोट रोखून म्हणाली, “उद्या सही होईपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस. माझ्या मुलींच्या जागा तुझ्या रागापायी गेल्या, तर मी तुझं तोंड बघणार नाही.”

“आणि सही झाल्यावर?”

“झालेली सही कुणाला पुसता येत नाही,” तमांडा म्हणाली आणि खाली मान घालून जेवायला लागली.

“बट मम्मा, दॅट्स चीटिंग!” लाईबा म्हणाली.

“चीटिंग तर हायच,” इक्बाल म्हणाला. “पण आधी जेवून घ्या. उपाशी पोटी भांडायला दम पुरत नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा सुरू झाली. हेल्विगनी कार्यक्रम आखला होता, त्यात रशीदाचं एक सोडून गणिताची सगळी व्याख्यानं जर्मनांची, आणि आफ्रिकेतून आलेल्यांना अनुभवकथन. तमांडाच्या भाषणाचा विषय होता ‘अडचणी आणि संधी’. ती उभी राहिली, विभागातल्या खुर्च्यांबद्दल आणि ग्रंथालयाबद्दल, सांगितलं होतं तेवढंच बोलली. नंतर एकानं विचारलं, तुमच्याकडं इंटरनेट चालतं का. जिनं त्यांच्या प्रोफेसरची रुतलेली गाडी वर काढून दिली, तिला हे विचारत होते! रशीदा हातातला कागद चुरगळत बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग झेंडे आले, फाइल आल्या, पेनं आली. हेल्विगनी सही केली, मालावीच्या कुलगुरूंनी केली, साक्षीदार म्हणून डीनसाहेबांनी केली. टाळ्या झाल्या. डीनसाहेब रशीदाच्या कानाशी वाकून म्हणाले, “तुमचा निबंध निघाला, की तुमची फाइल मी स्वतः पुढं पाठवतो, इंशाल्ला. यल्ला, जेवायला चला.”

दुपारचं पहिलं व्याख्यान रशीदाचं होतं. नव्या निकालाबद्दल बोलायला हेल्विगनी तिलाच निवडलं होतं; यजमान युनिव्हर्सिटीची बाई फोटोत बरी दिसते. हॉल भरलेला, कॅमेरा चालू, पहिल्या रांगेत हेल्विग आणि डीन शेजारी-शेजारी. रशीदानं मार्कर उचलला आणि फळ्यावर प्रमेय लिहिलं.

गणितात एक रीत आहे. प्रमेय लिहिलं, की शेजारी कंसात ते ज्याचं असेल त्याचं नाव घालतात. बोलणाऱ्याचं स्वतःचं असेल तर तो लाजेकाजेनं नुसतं आद्याक्षर लिहितो. रशीदानं कंस केला आणि त्यात टपोऱ्या अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं: तमांडा गोंडवे. दुसरं कुणाचंच नाही.

हेल्विग खुर्चीतून अर्धवट उठले. “रशीदा, हे आपण सगळ्यांनी मिळून…”

“आराखडा तुमचा आहे, प्रोफेसर,” ती म्हणाली. “लहान उदाहरणं माझी. सिद्धता यांची. मी चुकत असेन तर सगळ्यांसमोर सांगा.”

हेल्विग परत खाली बसले. अनुदानाच्या अर्जात माणूस वाटेल ते लिहील, पण हॉलभर गणितज्ञ बसलेले असताना दुसऱ्याची सिद्धता माझी म्हणायला फार निर्ढावलेलं काळीज लागतं. तेवढं त्यांचं नव्हतं.

रशीदा पुढं बोलत गेली. मधल्या पायरीपाशी आली, तेव्हा अकीला नावाच्या एका बहरीनी प्राध्यापिकेनं हात वर केला. “बाहेरून मोजताना एकच तुकडा दोनदा मोजला जात नाही, हे कशावरून?”

रशीदाला उत्तर येत होतं. पण तिनं मार्कर तमांडाकडं धरला.

तमांडा लगेच उठली नाही. मग आली, फळ्याचा एक कोपरा पुसून घेतला आणि बोलायला लागली. सकाळची ती पाठ केल्यासारखी बोलणारी बाई ही नव्हतीच. ती आकृती काढायची, वळून विचारायची, “इथपर्यंत पटलं?”, आणि पुढं जायची. तिनं शेवटची ओळ लिहिली. मग मागच्या रांगेतल्या तरुण जर्मन पोरांनी बाकावर बोटांनी ठकठक सुरू केली, त्यांच्याकडं टाळ्यांऐवजी तसंच करतात. बघता बघता अख्खा हॉल बाक वाजवायला लागला.

हेल्विग उठले आणि हसरा चेहरा करून सभेकडं वळले. “आपल्या कार्यक्रमाचं यश आपण आत्ता डोळ्यांनी पाहिलं. म्हणून मी इथंच जाहीर करतो, की डॉक्टर गोंडवेंचं नावही निबंधावर येईल. हेल्विग, होडेकर आणि गोंडवे.”

डीनसाहेबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना त्यातलं काय कळणार? पण हॉलमधल्या एकूण एक गणितज्ञाला कळलं. सगळ्या जगाला लागू असलेला वर्णक्रम एका बाईपुरता रद्द झाला होता. नाव द्यायची वेळ आली, तेव्हाही हेल्विग तिला शेवटच्या पंगतीत बसवत होते. रशीदाला वाटलं, हातातला डस्टर फेकून मारावा.

“नको, प्रोफेसर,” तमांडा फळ्यापाशी उभी राहून शांतपणे म्हणाली. “तुमच्या निबंधावर माझं नाव नसेल, असं मी लिहून दिलंय. मी दिलेला शब्द मोडत नाही. तुमचा निबंध तुमच्यापाशीच ठेवा. पण सिद्धता देईन, असं मी कुठंही लिहिलेलं नाही. ती आज मी माझ्या एकटीच्या नावानं जाहीर करते. तुम्हाला हवी असेल तर वापरा. सगळे वापरतात तशी, माझं नाव घेऊन.”

हेल्विगचा चेहरा उतरला. त्यांनी रशीदाकडं पाहिलं. “रशीदा, तू तरी आहेस ना निबंधावर?”

डीनसाहेबही तिच्याकडं बघत होते, हो म्हणा अशी मान हलवत. प्रमोशन, कॉन्ट्रॅक्ट, लाईबाचं कॉलेज, सगळं त्या हलत्या मानेत होतं.

“मधली पायरी काढली, तर त्या निबंधात राहतंच काय?” रशीदा म्हणाली. “माझं नाव काढा.”

बाहेर पार्किंगमध्ये ऊन मी म्हणत होतं. डीनसाहेब पायऱ्यांपर्यंत मागं आले होते, “डॉक्टर, तुमच्या फाइलचं आता मला काही सांगता येणार नाही,” एवढं बोलून परत फिरले. दोघी गाडीत बसल्या. तमांडानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

“मला आत्ता नाचावंसं वाटायला हवं होतं,” ती म्हणाली. “मला नुसता राग येतोय.”

“मलाही,” रशीदा म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. इक्बाल सित्राहून बोलत होता, मागं क्रेनचा आवाज. “काय झालं गो? जिंकलात काय?”

रशीदानं तमांडाकडं पाहिलं. ती काचेबाहेर बघत होती.

“जिंकतोय कसल्या,” रशीदा म्हणाली. “आपल्याच पुढ्यातलं ओढून नेलेलं ताट भांडून परत आणलं. त्याला काय पोट भरलं म्हणायचं?”