शंभरात शहाण्णव उत्तम

मी डोळ्यांच्या सरकारी दवाखान्यातला तक्ता. बोलायची मला सवय नाही. अकरा वर्षं लोकच माझ्याकडे बघून बोलत आले. माझ्यावर एका ओळीत, एकाच मापाच्या, तीन दातांच्या पाच काळ्या फण्या आहेत. मोतीबिंदू काढून दीड महिना झाला की पेशंटने सहा मीटरवरून त्यांचे दात कुठे वळलेत ते सांगायचं. चार बरोबर आले की शेरा 'उत्तम' आणि कार्ड बंद.

शेरा बहुधा उत्तमच येई. रांगेचा बाक माझ्यासमोरच होता. पुढच्या दहा जणांचं ऐकून अकराव्याला मी तोंडपाठ. तपासणाऱ्या सिस्टरलाही. ती माझ्याकडे पाठ करूनच कार्डावर खुणा करी. शंभरात शहाण्णव उत्तम! मोठे डॉक्टर अहवालावर सही करताना समाधानाने मान डोलवत.

गेल्या महिन्यात रंगाऱ्याने भिंत रंगवली आणि मला उलटं टांगलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यासाठी बघावं लागतं.

आधी आले निवृत्त पोस्टमन. "उजवीकडे, वर, वर, डावीकडे, खाली."

"काका, पाचही चूक. नीट बघा."

"मी नीटच बघतोय, बाई. तुम्ही कधी बघणार?"

त्यांना बाजूला बसवलं. मग शिंप्याकडे काजं करणाऱ्या मावशी आल्या, भावजयीचा हात धरून. "वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे!" घडाघडा.

"शाब्बास!" सिस्टर कार्डावर शिक्का मारणार, तोच पोस्टमन उठले. "अहो, तक्त्यावर हे नाहीच! मागे वळून बघा तरी!"

सिस्टर वळली. बराच वेळ बघत राहिली.

"मावशी, खरं सांगा. दिसतंय?"

"धूसर दिसतं. पण डॉक्टरांनी एवढे कष्ट घेतले, त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"मग काजं डॉक्टरांकडूनच करून घ्या," भावजय फणकारली. "तुमच्या वाटची करून माझ्या बोटांची चाळण झाली."

तपासल्यावर निघाला फक्त चष्म्याचा नंबर. शिक्का बसला असता, तर मावशींचं काम कायमचं सुटलं असतं. शेरा मात्र उत्तम.

आता सिस्टर दर पेशंटला मला फिरवते. उत्तम एकाहत्तरवर आले. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "गुणवत्ता अचानक कशी घसरली?" कार्यालयाने उत्तर शोधलं: तक्ता सदोष. उद्या माझी रवानगी अडगळीच्या खोलीत. जाईन, थकलोय.

मागणं एकच. इथून 'उत्तम' होऊन गेलेलं कुणी उंबऱ्याशी चाचपडताना दिसलं, तर त्यांना परत पाठवा. कदाचित चष्म्याचाच प्रश्न असेल.