मागची इमारत

शाळा एकच होती, फाटक एकच होतं आणि गणवेशही एकच. त्यातले निम्म्याहून अधिक गणवेश टेलरबाईंच्या मशीनवरून उतरलेले असायचे. पण फाटकातून आत शिरलं की मुलं दोन वाटांना लागायची. पाचवीच्या सुरुवातीला एक चाचणी व्हायची. तिच्यात ज्यांना चांगले गुण मिळाले ती पुढच्या इमारतीत आणि उरलेली मैदान ओलांडून मागच्या इमारतीत. पुढे विज्ञानाच्या बाई होत्या, प्रयोगशाळा होती, वाचनालय होतं. मागे विज्ञानाच्या तासाला जो शिक्षक मोकळा असेल तो येऊन धडा वाचून दाखवायचा. कुणीच मोकळं नसलं तर मुलं आपापली बसून राहायची.

चाचणीची तयारी ज्यांच्या घरी करून घेतली जायची त्यांची मुलं पुढे जायची. त्यामुळे टेकडीवरच्या कॉलनीतली बहुतेक सगळी पुढे आणि कारखान्यामागच्या गल्ल्यांतली बहुतेक सगळी मागे. हे सगळ्यांना दिसत होतं, पण पावसापाण्याबद्दल कुणी तक्रार करत नाही तसं त्याबद्दलही कुणी करत नव्हतं.

टेलरबाईंची लेक सातवीत होती, मागच्या इमारतीत. अंगाने लहानखुरी म्हणून तिला सगळे बारकी म्हणायचे. एका संध्याकाळी ती अभ्यास करता करता म्हणाली, "आई, लिटमस म्हणजे काय असतं गं? कागद असतो की कापड?"

"मला काय माहीत? तुमच्या सरांना विचार."

"विचारलं. ते म्हणाले, निळ्याचा लाल होतो एवढं पाठ कर. पुढचं परीक्षेत विचारत नाहीत."

बारकी पुन्हा पुस्तकात डोकं घालून बसली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच टेलरबाईंना लागलं. त्यांचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला.

दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानात गेल्या. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली मावशी म्हणायची. त्यांची नात बारकीच्याच वर्गात होती आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलायचं नाही. मावशींची जीभ त्यांच्या इस्त्रीपेक्षा गरम होती.

"बरं झालं तू तरी बोललीस," मावशी म्हणाल्या. "मी गेले असते तर मोठ्या बाईंशी भांडूनच आले असते."

"भांडायचं नाही मावशी. आधी माणसं जमवायची."

माणसं जमवणं सोपं नव्हतं. टेलरबाई आणि मावशी दारोदार फिरल्या. कुणी म्हणालं वेळ नाही, कुणी म्हणालं आमच्या पोराचं नाव नको त्यात. बेकरीत काम करणारा एक बाप दारातच उभा राहून म्हणाला, "ताई, आपल्या पोरांत तेवढी बुद्धी असती तर ती पुढे गेली नसती का?" त्याचा मुलगा त्याच्या मागेच उभा होता. त्याने ते ऐकलं.

तरी रविवारी दुपारी इस्त्रीच्या दुकानात पाच-सहा जण जमू लागले. पुढच्या रविवारी आणखी काही आले. बेकरीवालाही आला. कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये दाटीवाटीने बसून त्यांनी काय मागायचं ते ठरवलं. मागच्या मुलांना विज्ञानाच्या बाईंनी शिकवावं, प्रयोगशाळा सगळ्यांना उघडी असावी, आणि दहा वर्षांच्या पोरांची वाटणी करणारी ती चाचणी बंद व्हावी.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांचं नीट ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. विज्ञानाची शिक्षिका एकच, दुसरी मागून मागून त्यांनी हात टेकले होते. "बघते," त्या म्हणाल्या. दुसऱ्या भेटीतही "बघते"च. तिसऱ्या वेळी मागच्या इमारतीचे पालक एवढे आले की निम्मे जिन्यावर उभे राहिले. तेव्हा मात्र मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला.

त्या आठवड्यात त्यांनी टेलरबाईंना एकटीला बोलावून घेतलं.

"तुमची मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून तिला पुढच्या इमारतीत बसवते. एक जागा आहे."

"आणि बाकीची मुलं?"

"बाकीच्यांचं हळूहळू बघू. तुम्ही आधी तुमच्या लेकीचा विचार करा."

आपण गप्प बसलो की बाकीचेही पांगतील, हा त्यामागचा हिशेब टेलरबाईंना कळला. "नको मॅडम," त्या म्हणाल्या. "जायचं तर सगळ्यांनी." आणि ताठ मानेने घरी आल्या. जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा बसचालक. दिवसभर रस्त्यावर माणसांचं ऐकून घरी फारसा बोलत नसे. तो म्हणाला, "बरं केलंस," पण त्याची नजर बारकीकडे होती.

बारकीने ताट बाजूला सारलं.

"मला विचारलंस?"

"अगं, तुझ्या एकटीचा प्रश्न नाहीये हा."

"जागा माझी होती ना? शाळावाले तुम्हाला विचारत नाहीत म्हणून तुम्ही रविवारी जमता. आणि तू? तू विचारलंस मला?"

ती उठून आतल्या खोलीत गेली. टेलरबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. नवऱ्याने ताटं उचलली आणि घासायला घेतली.

टेलरबाई विचार करत राहिल्या. आपण मोठेपणा केला, पण तो बारकीच्या जिवावर, हे त्यांना नाकारता येईना. आणि जागा घेतली तर मावशींना तोंड कसं दाखवायचं, तेही सुचेना. शेवटी त्या बारकीजवळ जाऊन बसल्या.

"तुला जायचंय का पुढे?"

बारकी म्हणाली, "जायचंय. पण मैत्रिणी बोलायच्या नाहीत माझ्याशी."

"नाही बोलणार काही दिवस. माझ्याशीही नाही बोलणार कुणी."

"मग?"

"तू ठरव. तू ठरवशील ते मी मॅडमना सांगेन. आणि मावशींना आधी मी सांगेन, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

बारकीने जायचं ठरवलं.

मावशींनी ऐकताना हातातली इस्त्री खाली ठेवली नाही. एक शर्ट झाला, दुसरा झाला. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझं भागलं."

"मावशी, मी रविवारी येणारच आहे."

"ये की. दुकान उघडंच असतं."

त्या रविवारी टेलरबाई दारात आल्या आणि आतलं बोलणं एकदम बंद पडलं. बसायला कुणी सरकलं नाही. त्या दाराजवळच टेकल्या. त्यांच्या सूचनेवर कुणी हो म्हणालं नाही, नाही पण म्हणालं नाही. पुढच्या रविवारी त्या पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही. शिवणाचं कामही थोडं आटलं होतं, पण त्याबद्दल त्या घरी बोलल्या नाहीत. तिकडे बारकी नव्या वर्गात शेवटच्या बाकावर एकटी बसत होती आणि मावशींची नात फाटकात तिला पाहून मान वळवत होती.

मग पुढच्या इमारतीची पालकसभा आली. टेलरबाई आता पुढच्या पालक होत्या, त्यामुळे त्यांना बोलावणं होतं. मुख्याध्यापिकांच्या ते आधी लक्षात आलं नसावं. सभागृहात टेलरबाईंना पाहून त्या क्षणभर बोलायच्या थांबल्या.

सभा संपत आली तेव्हा टेलरबाई उभ्या राहिल्या. "माझी मुलगी गेल्या महिन्यापर्यंत मागे होती," त्या म्हणाल्या. "मागे विज्ञान शिकवायला कुणी नाही. तुम्ही सगळ्यांनी आमच्याबरोबर शिक्षण कार्यालयात यावं, दुसरी शिक्षिका मागायला. आम्ही एकटे गेलो तर ते आम्हाला दारातूनच परत पाठवतील."

पुढच्या रांगेतले एक इंजिनियर उठले. "आणि शिक्षिका नाही मिळाली तर? आमचे तास मागे जाणार. बरोबर?"

"कपडा कमी पडला तर मी एकालाच दोन बाह्या लावत नाही, साहेब. दोघांनाही एकेक लावत नाही. आणखी कपडा मागते."

थोडं हसू पसरलं. इंजिनियरही हसले, पण बसले नाहीत. "छान बोललात. पण माझा मुलगा म्हणजे कपडा नाही. त्याचं हे वर्ष पुन्हा येणार नाही."

तेही खरंच होतं. टेलरबाई खाली बसल्या. सभा उठणार असं वाटत असताना मागून एक नर्स उभ्या राहिल्या. रुग्णालयातून थेट आल्या होत्या, अंगावर कामाचेच कपडे होते.

"माझी दोन मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "धाकटा इथे आहे. थोरला मागे. त्या चाचणीच्या दिवशी त्याला ताप होता. मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण लाज वाटायची. आता घरात धाकटा थोरल्याला शिकवतो आणि थोरला मान खाली घालून ऐकतो. मी रोज बघते ते." त्यांनी इंजिनियरांकडे पाहिलं. "तुमच्या मुलाचं वर्ष परत येणार नाही, तसं माझ्या थोरल्याचंही येणार नाहीये. मी जाणार आहे यांच्याबरोबर."

त्या दिवशी तिघेच पुढे आले. पण पुढच्या रविवारी नर्सबाई टेलरबाईंबरोबर इस्त्रीच्या दुकानात आल्या तेव्हा मावशींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, स्टुलावरचा गठ्ठा उचलला आणि म्हणाल्या, "बसा सिस्टर." मग टेलरबाईंकडे न बघता दुसरा गठ्ठा उचलला. "तूही बस."

शिक्षण कार्यालयाने त्यांना बरंच झुलवलं. साहेब दौऱ्यावर, साहेब बैठकीत, साहेब आत्ताच निघाले. पण दोन्ही इमारतींचे पालक एकाच बाकावर बसून राहतात म्हटल्यावर साहेबांना भेटावंच लागलं. सहामाही उलटून गेल्यावर दुसरी विज्ञान शिक्षिका आली. प्रयोगशाळेचं कुलूप मागच्या मुलांसाठीही निघालं. चाचणी मात्र "तूर्तास" थांबवली, म्हणजे नव्या पाचवीपुरती. आधीच वाटली गेलेली मुलं आपापल्या इमारतीतच राहिली.

बारकीही पुढेच राहिली. तिथे तिला एक मैत्रीण मिळाली होती. मावशींची नात आता फाटकात थांबायची, दोन शब्द बोलायची, पण पूर्वीसारखं खिदळणं राहिलं नव्हतं. टेलरबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा बारकी म्हणाली, "ती प्रत्येक गोष्टीत म्हणते, तुमच्याकडे असं असेल. आमच्याकडे तुमच्याकडे करत राहते." आणि तिने विषय बदलला.

जूनमध्ये नव्या पाचवीची मुलं मिसळून बसवली. महिनाभरातच इंजिनियर आणि त्यांच्या बाजूचे काही पालक चाचणी परत आणा म्हणून मुख्याध्यापिकांना भेटून आले. ती बातमी मावशींनी स्वतः येऊन सांगितली. त्या टेलरबाईंच्या घरी सहसा येत नसत.

"मंगळवारी मोठ्या बाईंकडे जायचंय," मावशी म्हणाल्या. "बेकरीवाला येतोय, सिस्टर सुट्टी घेतायत. तुझं कसं?"

"येते की. पण मावशी, आधी त्या इंजिनियरांना भेटू या का? घरी जाऊन?"

"त्यांच्या घरी? ते आत घेतील आपल्याला?"

"नाही घेतलं तर दारात उभ्या राहू. बेकरीवाल्याच्या दारात राहिलोच होतो ना."

मावशींनी नाक मुरडलं, पण नाही म्हणाल्या नाहीत. "शनिवारी जाऊ," त्या म्हणाल्या. "आणि बोलायचं तू. मी तोंड उघडलं तर होत आलेलं काम फिसकटेल."

टेलरबाईंना हसू आलं. मशीनच्या सुईत दोरा ओवायचा राहिला होता, तो त्या ओवू लागल्या. मावशी जायच्या सोडून तिथेच बसल्या आणि शनिवारी त्या टेकडीवरच्या घरात पहिलं वाक्य काय बोलायचं, यावर दोघींचा बराच वेळ वाद चालला.