पाठमोऱ्या बायका

अवुओर मासे खायची ती दार लावून. खाताना कुणी टक लावून बघितलं की त्याची नजर पोटात जाऊन बसते, हे केनियातल्या किसुमू शहरापलीकडच्या सरोवराकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण प्रशिक्षणाचं भूत एकदा डोक्यात शिरलं की माणूस घरचं शहाणपण विसरतो.

बाळंतिणींना बाळाला दूध पाजण्यात मदत करायला शिकणाऱ्या गावातल्याच पाच आया, त्यांत अवुओरही, त्या दिवशी त्यांना शिकवणाऱ्या सिस्टर पेनिनाबरोबर अकेयोच्या घरात शिरल्या आणि तिच्याभोवती कोंडाळं करून बसल्या. निरीक्षण करा म्हणून शिकवलं होतं ना, मग निरीक्षण चालू! अकेयो पहिलटकरीण. तिची लेक कालपासून छातीला धरायची, सोडायची आणि रडायची. सासू दोर्का चुलीपाशी पातळ पेज ढवळत होती.

"दूधच नाही हिला," दोर्का म्हणाली. "आत्ता पोरीनं घेतलं तर घेतलं, नाहीतर मी पेज पाजणार. मरू देऊ काय डोळ्यांदेखत?"

"पेज? एवढ्याशा जिवाला?" अवुओरच्या तोंडाचा पट्टा सुटला. "अहो, तुम्हाला काही..."

सिस्टरने तिला चिमटा काढला. "आधी ऐकायचं ठरलंय ना, बाई?"

अवुओर गप्प बसली, आणि गप्प बसल्यावर तिला दिसलं. अकेयो पोरीकडे बघतच नव्हती. ती बघत होती एकेकीच्या डोळ्यांकडे, आणि अंगावरचं फडकं छातीवर घट्ट ओढत होती. अवुओरला स्वतःचीच लाज वाटली.

"उठा गं सगळ्या. भिंतीकडे तोंड करा. सिस्टर, तुम्हीपण."

"मग बघायचं काय?" एकीने विचारलं.

"काही नाही बघायचं."

सिस्टर क्षणभर थांबली आणि सगळ्यांत आधी वळली.

"माझ्याच घरात मी भिंत बघू होय?" दोर्का कुरकुरली, पण तीही वळली.

अवुओरने स्वतःही भिंतीकडे वळून शिकवणीची चिंध्यांची बाहुली छातीशी धरली. "अकेयो, मी माझं बाळ घेतलंय. तूही घे. तिचं पोट तुझ्या पोटाला लाव. नाक बोंडासमोर. आता थांब, तोंड मोठ्ठं उघडू दे. हां, आण जवळ. तू वाकू नको, तिला आण."

"दुखतंय."

"मग ओठांच्या कोपऱ्यात करंगळी घालून सोडव. परत घे. घाई नाही आपल्याला."

रडणं थांबलं. मग काहीतरी ऐकू आलं. अगदी बारीक, घशातला एक घोट. मग श्वास. मग पुन्हा घोट.

अवुओरने चार पोरं वाढवली होती, पण हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. पाजतानाही ती कुणाशी तरी बोलतच असायची. एवढ्याशा गळ्यातून दूध उतरत होतं आणि सगळं घर त्याने भरून गेलं होतं. कुणी खोकलंसुद्धा नाही. चुलीवर पेज करपली, वास सुटला, तरी कुणी हललं नाही.

"दूध आहे गं हिला," दोर्का भिंतीला म्हणाली आणि नाक पुसू लागली.

हळूहळू घोट थांबले. पोर झोपली असणार. तरी एकही बाई वळेना.

"वळा आता," अकेयो म्हणाली.

सगळ्या घुटमळल्या.

"वळा ना, आई. सगळ्याच वळा. माझ्या लेकीला डोळे भरून बघा."