विमान कोणाकडे होतं

मालवाहू विमानांच्या कंपनीत तो कॅप्टन, पण सगळे त्याला मामाच म्हणत. भाचा नोकरीला लागला तेव्हा पहिल्याच दिवशी, चारचौघांत, त्याच्या तोंडून "मामा" निसटलं, आणि मग काय, मेकॅनिकपासून माल चढवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचाच तो मामा झाला. कॅप्टनला राग आला नाही, उलट बरंच वाटलं. भाचा म्हणजे ताईचा एकुलता एक. वडील लवकर गेले त्याचे. पोराला विमानांचं वेड लावलं मामाने आणि कंपनीत शब्द टाकला तोही मामानेच. तो उजव्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसला की शेजारी आपलं माणूस आहे असं वाटायचं. मालवाहू विमानात हे काही थोडं नव्हे. तिथे मागे प्रवासी नसतात. मागे मोटारींचे सुटे भाग, औषधं, कधी शर्यतीचे घोडे, आणि पुढे दोन खुर्च्यांवर झोपमोड झालेली दोन माणसं.

या झोपेवरूनच मामाचं आणि ऑफिसचं वाकडं होतं. ऑफिसातल्या मुख्य वैमानिकाच्या जिभेवर साखर पेरलेली असायची, म्हणून पाठीमागे सगळे त्याला साखरतोंड्या म्हणत. त्याने भिंतीवर पाटी लावली होती: थकला असाल तर सांगा, कारण विचारलं जाणार नाही. कारण खरंच कुणी विचारत नसे. फक्त सांगणाऱ्याच्या वाट्याला पुढे सगळे आडवेळचे फेरे येत. मामा हे प्रत्येक मीटिंगमध्ये तोंडावर बोलायचा. बाकीचे वैमानिक तेवढा वेळ स्वतःचे बूट बघत बसायचे आणि बाहेर आल्यावर त्याची पाठ थोपटायचे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीतरी लागतंच, हा आयता सापडला होता.

त्या दिवशी विमानात कोंबडीची पिल्लं होती. नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली, खोकीच्या खोकी, नुसता चिवचिवाट. ती पोचवायची मुक्कामाला, आणि मध्ये एका विमानतळावर इंधनासाठी उतरायचं. आदल्या रात्री कंपनीने दोघांना ज्या हॉटेलात ठेवलं होतं तिथे वरच्या मजल्यावर रात्रभर भिंती फोडायचं काम चाललं होतं. डोळ्याला डोळा लागला नव्हता कुणाच्या.

वर गेल्यावर, स्वच्छ उन्हात, मामाचे डोळे मिटायला लागले. अशा वेळी एकाने थोडी डुलकी काढायची मुभा असते, पण आधी विमान दुसऱ्याच्या हवाली करायचं, तेही मोठ्याने बोलून.

"विमान तुझ्याकडे," मामा म्हणाला.

"माझ्याकडे," भाचा म्हणाला.

या धंद्यात हे बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मामा निर्धास्त झोपला.

जाग आली ती रेडिओने. कुणीतरी त्यांच्या विमानाचा नंबर घेऊन हाकांवर हाका मारत होतं, आणि त्या आवाजात आता घाबरेपणा होता. शेजारी भाचा हनुवटी छातीला टेकवून गाढ झोपलेला. विमान आपलं आपण सरळ चाललं होतं. मामाने आधी रेडिओला उत्तर दिलं, मग भाच्याचा खांदा धरून गदागदा हलवला.

भाच्याला कळायला क्षणभर लागला. कळलं तसा तो पांढराफटक पडला. "मामा, मेलो रे मी. पुढच्या महिन्यात कॅप्टनची परीक्षा आहे माझी."

"गप बस. आधी उतरू."

इंधनाच्या थांब्यावर उतरले. आता, विमानात बोलणं टिपणारं एक यंत्र असतं. ते शेवटच्या तास-दोन तासांचंच बोलणं ठेवतं. वीज चालू असली की नवं जुन्यावर चढत जातं. काही विपरीत घडलं असेल तर उतरल्याबरोबर कॅप्टनने त्याचा खटका ओढायचा, म्हणजे सगळं जसंच्या तसं राहतं. जन्मभर नियमावर बोट ठेवून चाललेल्या या माणसाने खटक्यापर्यंत हात नेला आणि मागे घेतला. वीज चालू ठेवून तो कागद खालीवर करत तिथेच बसून राहिला, "माझ्याकडे"पासून "मेलो रे मी"पर्यंत सगळं पुसलं जाईपर्यंत. भाचा बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"विचारलं तर दोघांनाही डुलकी लागली म्हणायचं," विमानातून खाली उतरल्यावर मामा म्हणाला. "जबाबदारी कॅप्टनची. मला बोलणी बसतील, तुझी परीक्षा वाचेल."

"तुझे उपकार कसे फेडू, मामा?"

"झोपा काढून," मामा म्हणाला, आणि दोघं हसले.

मग त्याने ऑफिसला कळवलं: आम्ही थकलो आहोत, पुढे उडणार नाही. साखरतोंड्याचा लगेच फोन. "अरे मामा, पिल्लं आहेत रे. जीव आहे त्यांना."

"आम्हालाही आहे," मामाने सांगितलं.

दुसरे वैमानिक येईपर्यंत बरीच पिल्लं मेली. कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भडकलं. त्यात रेडिओला उत्तर मिळत नसल्याची तक्रारही येऊन पडली, आणि साखरतोंड्याने चौकशी लावली.

भाच्याला आधी आत बोलावलं. बराच वेळ. मामा बाहेर बाकावर बसून त्याचीच काळजी करत होता, पोरगं गडबडलं नाही म्हणजे मिळवली. मग मामाला आत घेतलं. भाचा टेबलाच्या पलीकडे, साखरतोंड्याच्या शेजारी बसला होता. दोघांपुढे रिकामे चहाचे कप होते.

"ये, बस. उत्तर येत नव्हतं तेव्हा विमान कोणाकडे होतं, मामा?"

मामाने ठरलेलं सांगितलं. दोघांनाही डुलकी लागली, जबाबदारी माझी.

साखरतोंड्याने हळहळत मान हलवली. "हा तर म्हणतो, तू विमान त्याच्याकडे दिलंच नव्हतंस. बोलता बोलता तूच झोपलास. तुला उठवण्याच्या धांदलीत रेडिओ राहिला. आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही म्हणे."

मामाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "खोटं आहे हे."

"असेल. यंत्रात ऐकलं असतं की आपण. पण खटका तू ओढला नाहीस. का रे ओढला नाहीस?"

खरं सांगावं तर स्वतःच्या हाताने पुरावा पुसल्याची कबुली, न सांगावं तर झोपेची. मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो भाच्याकडे वळला. "तू माझ्याकडे बघून सांग. विमान कोणाकडे होतं?"

भाचा कपाकडे बघत म्हणाला, "तुमच्याकडे, कॅप्टन."

केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा. परका असता तर मामाने कॉलर धरली असती. याला त्याने सायकल चालवायला शिकवली होती. तो उठला आणि बाहेर आला. बाहेर चार वैमानिक उभे होते, ते बूट बघायला लागले.

त्याची डावी, कॅप्टनची खुर्ची गेली. तब्येतीच्या कारणाने, असं गोड शब्दांत कळवलं. भाचा परीक्षा पास झाला आणि कॅप्टन झाला.

मग एका दुपारी ताई लेकाला घेऊन मामाच्या घरी आली. मामाच्या बायकोने पाणी दिलं आणि ती चहा टाकायला आत गेली. ताईने भावाचा हात हातात घेतला.

"बाळा, मला सगळं सांगितलंय याने. मनाला लावून घेऊ नकोस. वय झालं की होतं असं. नशीब म्हण, हा शेजारी होता, याने तुला उठवलं. नाहीतर आज मी कुणाच्या घरी आले असते?"

मामाने ठरवलं होतं, ताईला काही सांगायचं नाही. पण हे ऐकून त्याचा धीर सुटला. "ताई, झोपला तो होता. मी विमान त्याच्याकडे दिलं होतं. त्याचं वाटोळं होऊ नये म्हणून मी पुरावा पुसला गं. नोकरी गेली तर जाऊ दे. तू तरी माझं खरं मान."

ताई लेकाकडे बघायला लागली. भाचा उठून मामाजवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाला, "जाऊ दे आई. त्याच्याशी वाद नको घालूस. हल्ली असंच होतं त्याचं."

ताई रागावली असती तर मामा भांडला असता. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी तापात फिरवायची तसा. मग चहा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोला, आवाज खाली आणून, विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत का गं याला?"