मी पेटलो नाही

मित्रांनो, मी टेस्टर. पिवळ्या मुठीचा, वीतभर लांब. डोणगावातल्या एका घरात, मीटरखालच्या फळीवर पडून असतो. मला आता काही वाटत नाही. तरी सांगतो.

माझं काम एकच. टोक वायरीला लावायचं, माझ्या डोक्यावरच्या टोपीवर बोट ठेवायचं. करंट असला की माझ्या पोटातला बारका दिवा लाल पेटतो. नसला तर नाही. एवढंच मला येतं.

देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत, पान्ह्या-पकडींच्या ढिगातून गजेंद्रनं मला उचललं. घरी येताच एकूण एक बोर्डात खुपसलं. मी सगळीकडे पेटलो. त्याची बायको सुचिता म्हणाली, "झाली का तुमची दिवाळी? आता जेवाले चला."

तेव्हापासून मी त्याच्या खिशाला. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा आणि मिक्सर उघडायचा, पंखा उघडायचा. जोडताना एखाद-दोन स्क्रू हमखास उरायचे. "कंपनीवाले जास्तीचेच देतात," म्हणायचा. शेजारचे हाक मारायचे, "गजूभाऊ, टेस्टर घेऊन या बरं!" तेव्हा मला बरं वाटायचं.

पण मित्रांनो, मी सदा हाताशी असायचो ना, तेच वाईट झालं. रंगाच्या डब्याचं झाकण उघडायला मी. खिळा उपटायला मी. गजेंद्रची आई पंचफुलाबाई तर माझ्यानं नारळातलं खोबरं काढायची. एकदा भिंतीत खुंटी बसवायची होती. छन्नी सापडेना. गजेंद्रनं मला भिंतीला लावलं आणि टोपीवर हातोडा घातला. भोक पडलं. माझ्या पोटात कुठंतरी टिक झालं. दुखलं नाही, नुसतं बधिर झालं. मूठ पिवळी ती पिवळीच, टोकही सरळ. वरून कुणाला काय कळणार?

मग उन्हाळा आला. कूलरचा पंखा फिरायचा, पण पंप पाणी ओढेना. गजेंद्रनं कूलर चालूच ठेवून मागची जाळी काढली. अनवाणी बसला. फरशीवर पाणी सांडलेलं. समोरच्या खाटेवर त्याच कूलरच्या वाऱ्यात आई झोपलेली.

"अहो, मेन बंद करा ना आधी," सुचिता म्हणाली.

"मेन पाडला तं आईचा पंखा बंद होते. आत्ताच डोळा लागला तिचा."

"मंग वायरमनले बोलवा."

"वायरमन काय वरतून शिकून येते का? टेस्टर हाये ना."

त्यानं पंपाच्या वायरीचा जोड उघडला. टेप सोलली. उघड्या तांब्याला मला लावलं, टोपीवर बोट ठेवलं.

वायरीत करंट होता. मी पेटलो नाही.

"पाह्य, करंट येऊनच नाही राह्यला. वायर मधात तुटली."

आणि त्यानं ते तांबं पिळायला हातात धरलं.

ओरडलाही नाही. तोंड उघडं, हात चिकटलेला. मी पाण्यात पडलो. सुचितानं त्याला धरायला हात पुढे केला. मागे घेतला. धावत जाऊन मेन पाडला.

पंखा थांबला तशी आई उठली. "काऊन बे गजू, लाईन गेली का?"

सुचिता गाडी बघायला रस्त्यावर धावली.

मेहकरच्या दवाखान्यात नेलं. वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र बधिर झाली ती झालीच. चहाचा कप गरम की गार, त्या बोटांना समजत नाही.

घरी आल्यावर त्यानं मला चालू बोर्डात घातलं. नाही पेटलो. दुसऱ्या बोर्डात घातलं. नाही. मग चेपलेली टोपी कशीबशी काढून मला तळहातावर उलटं केलं. दिव्याच्या काचेचा चुरा बाहेर आला. तो बोटानं चिवडत बसला.

"अहो, रक्त," सुचिता म्हणाली.

"कुठं?" गजेंद्र म्हणाला.

मित्रांनो, आता घरात नवा टेस्टर आहे. गजेंद्र आधी त्याला चालू बोर्डात घालून बघतो, पेटतो का. मग मेन पाडतो. आई उठली तर उठली. त्यानंतर वायरीला टेस्टर लावतो, आणि मगच हात. नव्याला कुणी हातोड्याखाली धरत नाही. खोबरं काढायला मी आहे.

तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा असेल. त्याच्याकडून त्याचंच काम घ्या. आणि तो पेटला नाही म्हणजे वायर मेली, असं धरून हात घालू नका. कधीकधी वायर जिवंत असते. मेलेला मी असतो.